शेवभाजी चांगली, आणि मागचं गेट आता बंद

आधी जेवणाचं सांगते. धुळ्यात महामार्गालगत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी हे हॉटेल आहे. पुढे फॅमिली हॉल, मागे परमिट रूम. शेवभाजीचा रस्सा इथे अस्सल काळ्या मसाल्याचा मिळतो. खोबरं-कांदा काळपट होईस्तोवर भाजलाय, हे पहिल्याच घासाला कळतं. जाड तिखट शेव अगदी वाढताना घालतात, त्यामुळे ताटात तिचा लगदा होत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी सांगितली की गरम येते, सोबत ठेचा आणि कांदा. हिवाळ्यात भरीत चुकवू नका. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली. तो धुराचा वास गॅसवर कधीच येत नाही. पनीरच्या भाज्या मात्र सगळ्या एकाच चवीच्या आहेत, त्या सोडा.

आता शेजाराचं. मी नगररचना विभागात आरेखक होते. विकास आराखड्यावर रहिवासी भागाला पिवळा आणि वाणिज्य भागाला निळा रंग भरण्यात माझी अख्खी नोकरी सरली. या दोन रंगांच्या सीमेवर माणसं कशी राहतात, ते मात्र याच गल्लीत बघितलं. परमिट रूमचं गेट मागच्या बाजूला, म्हणजे आमच्या गल्लीत उघडायचं. संध्याकाळ झाली की तिथे अंडाभुर्जीची गाडी, चकना आणि पाण्याचे पाऊच विकणारा, मोटारसायकलींची आडवीतिडवी रांग. सकाळी गटारात क्वार्टरच्या बाटल्या. क्लासहून येणाऱ्या मुली पूर्ण चौक वळसा घालून घरी जायच्या. कोणी त्यांना काही बोललं असेल-नसेल. तिथून जावंसंच वाटू नये, एवढं पुरेसं होतं.

त्यात वरच्या मजल्यावर ऑर्केस्ट्रा सुरू होणार अशी कुणकुण लागली. बायका खवळल्या. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीच्या मतदानासाठी, सह्या गोळा करू, असंही ठरत होतं. डान्सबार शाळा-देवळापासून एक किलोमीटर लांब हवा असा कायदा आहे ना, असं मला सगळ्या विचारायच्या. ती अट २०१६च्या कायद्याखालच्या नियमांत होती, पण जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला त्याचं नवल वाटलं नाही. शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती आणि देवळाभोवती कंपासने किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, मोकळी जागाच उरत नाही. दारूविक्री महामार्गापासून पाचशे मीटर लांब हवी ही अटही २०१६च्या डिसेंबरात आली आणि २०१७च्या जुलैत शहरांच्या हद्दीत ती लागू नसल्याचं न्यायालयानेच स्पष्ट केलं. अमेरिकेत डेट्रॉइटने फक्त प्रौढांसाठीची सिनेमागृहं आणि तसले धंदे एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून हजार फुटांच्या अंतराचा नियम केला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये मान्य केला. बॉस्टनने १९७४मध्ये उलट केलं, तसले धंदे एकाच भागापुरते ठेवले. मीटर आणि फूट मोजायलाच हवेत, पण दुकानाचं दार कुठल्या अंगाला उघडतं, गाड्या कुठे लागतात आणि शटर किती वाजता पडतं, यावर शेजाऱ्यांची झोप ठरते. आमच्या आराखड्यांत दार कधी काढलं जात नव्हतं.

म्हणून आम्ही हॉटेलच्या मालकांकडे गेलो, ते गेटच हलवा म्हणायला. भाऊ, धंदा करा, पण तोंड हायवेकडे करा. त्यांनी ऐकलं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मागचं गेट विटांनी बुजवलं, परमिट रूमची वाट महामार्गाच्या बाजूने काढली, पार्किंगला एक माणूस उभा केला. ऑर्केस्ट्राचा विषयही मागे पडला. गिऱ्हाईक गेलं तशी चकन्याची गाडी आपोआप गेली. आता त्या भिंतीपाशी लहान मुलं सायकल शिकतात आणि मुली सरळ वाटेने येतात.

दोन गोष्टी अजून खटकतात. किचनचा पंखा अजून गल्लीकडेच तेलकट वाफ फेकतो. समोरच्या घरातल्या अक्कांना वाळत घातलेले कपडे दोनदा धुवावे लागतात. आणि फॅमिली हॉलचं स्वच्छतागृह परमिट रूमसोबत एकच आहे. बाईमाणसाने रात्री त्या बोळातून जायचं कसं? ही दुरुस्ती अवघड नाही, आणि ती झाल्याशिवाय मी पाचपैकी साडेतीनच्या वर गुण देणार नाही.

जाणार असाल तर दुपारी बारा ते तीन उत्तम, तेव्हा भाकऱ्या चुलीवरून थेट ताटात येतात. घरच्यांना घेऊन रात्री जायचं असेल तर आठच्या आत जा, आणि गाडी महामार्गाच्या बाजूलाच लावा.