प्रोजेक्ट ऑयलर : केवळ उत्तर तपासणारी आणि बाकी मौन पाळणारी सेवा

गेली तीन वर्षे आम्ही चौघे दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भेटतो आणि प्रोजेक्ट ऑयलर या गणिती कोड्यांच्या संकेतस्थळावरील एखाद्या कोड्याशी तासदोन तास झुंजतो. आमच्यापैकी एक जण हिशेबाची सॉफ्टवेअरे लिहितो, एक मैत्रीण शाळेत गणित शिकवते, तिसरे गृहस्थ निवृत्त अभियंते आहेत आणि मी स्वतः पोटापाण्यासाठी जो कोड लिहितो त्यात गणिताचा संबंध बेरजेपलीकडे क्वचितच जातो. इतक्या निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना एकाच कोड्यावर इतका काळ गुंतवून ठेवणारी दुसरी सेवा आम्हाला सापडलेली नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

ही सेवा कॉलिन ह्यूज यांनी २००१ मध्ये सुरू केली. आरंभी ती गणितविषयक एका संकेतस्थळाचा केवळ विभाग होती आणि २००६ मध्ये तिला स्वतंत्र पत्ता मिळाला. आज तेथे ९०० हून अधिक कोडी आहेत आणि ती सोडवण्यासाठी कोणतेही शुल्क पडत नाही. खाते उघडायचे, कोडे वाचायचे, हवी ती संगणकभाषा किंवा नुसता कागद वापरून उत्तर काढायचे आणि ते चौकटीत भरायचे, एवढीच रीत आहे. उत्तर बहुतेक वेळा एकच संख्या असते. ती बरोबर असेल तर हिरवी खूण दिसते, चूक असेल तर लाल फुली. तुमचा प्रोग्राम कोणी मागत नाही, तो कसा लिहिला हे कोणी विचारत नाही आणि उत्तर कोठे चुकले हेही कोणी सांगत नाही.

या शेवटच्या गोष्टीबद्दल नवख्यांची तक्रार असते आणि पहिले काही आठवडे माझीही होती. चौथ्या क्रमांकाचे कोडे घ्या: दोन तीन-अंकी संख्यांच्या गुणाकारातून मिळणारी सर्वांत मोठी अशी संख्या शोधायची, जी उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते. मी दोन लूप (एकच कृती पुन्हापुन्हा करवणाऱ्या आज्ञा) लावले, दोन्ही ९९९ पासून खाली उतरवले आणि अशी पहिली संख्या सापडताच प्रोग्राम थांबवला. उत्तर आले ५८००८५, म्हणजे ९९५ गुणिले ५८३. मोठ्या विश्वासाने भरले आणि लाल फुली पदरात पडली. उलटसुलट संख्या तर खरीच होती, गुणाकारही बरोबर होता, मग चुकले काय? ‘वरून खाली उतरताना जी पहिली भेटते ती सर्वांत मोठी’ ही माझी समजूतच चूक होती, कारण पहिला गुणक किंचित लहान घेऊन दुसरा बराच मोठा घेतला तर गुणाकार अधिक येऊ शकतो. सेवेने हे मला समजावून सांगितले असते तर मी दोन मिनिटांत पुढे गेलो असतो आणि तितक्याच लवकर विसरलो असतो. आता कोणताही शोध ‘पहिला सापडला, थांबा’ असा लिहिताना ५८००८५ ही संख्या आपोआप डोळ्यांसमोर येते.

कोड्यांची रचना हा या सेवेचा खरा ऐवज आहे. पहिले कोडे इतके सोपे आहे की त्यावर कोणी हसेल: १००० पेक्षा लहान अशा ज्या संख्यांना ३ किंवा ५ ने भाग जातो त्यांची बेरीज करा. लूप लावून ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. आमच्या शिक्षिका मैत्रिणीने मात्र संगणक उघडलाच नाही. ३ च्या पटींची बेरीज १६६८३३, ५ च्या पटींची ९९५००, दोन्हींत मोजल्या गेलेल्या १५ च्या पटींची ३३१६५, ती एकदा वजा करायची, झाले. तिची पद्धत १००० ऐवजी शंभर अंकी संख्या दिली तरी तितक्याच वेळात चालते, माझा लूप मात्र तेथे जन्मभर फिरत राहील. पहिल्याच पायरीवर असा दुहेरी रस्ता ठेवणे हे कोडेकारांचे कौशल्य आहे.

हेच अठराव्या आणि सदुसष्टाव्या कोड्यांत अधिक उघडपणे दिसते. संख्यांचा एक त्रिकोण दिलेला असतो, शिखरापासून तळापर्यंत शेजारच्या संख्येवर पाय ठेवत उतरायचे आणि वाटेतील संख्यांची बेरीज जास्तीत जास्त करायची. अठराव्यात १५ ओळी आहेत, म्हणजे १६३८४ वाटा, त्या सगळ्या तपासल्या तरी संगणकाला काही वाटत नाही. सदुसष्टाव्यात प्रश्न तोच, पण ओळी १०० आणि वाटांची संख्या तीस अंकी. सेकंदाला एक लाख कोटी वाटा तपासल्या तरी दोन हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील, असे कोड्यातच बजावलेले आहे. उपाय असा की त्रिकोण उलट्या बाजूने पाहायचा: तळाच्या वरच्या ओळीपासून सुरुवात करून प्रत्येक संख्येत तिच्या खालच्या दोन संख्यांपैकी मोठी मिळवत वर सरकायचे. ४९५० बेरजा केल्या की शिखरावर उत्तर तयार असते. आमचे अभियंते काका हे पाहून इतके खूश झाले की त्यांनी लहान त्रिकोण वहीत काढून हातानेच सोडवला.

सेवेने स्वतः एक दंडक घालून दिला आहे: योग्य पद्धत सापडली असेल तर साधारण ताकदीच्या संगणकावर उत्तर एका मिनिटाच्या आत यायला हवे. तो कोणी तपासत नाही. तरीही तो इतका नेमका आहे की प्रोग्राम पाच मिनिटे चालला तर उत्तर बरोबर येऊनही मन खाते आणि माणूस पुन्हा कागदाकडे वळतो.

आमच्या रविवारांपैकी सर्वांत रंगलेले रविवार सहासष्टाव्या कोड्याचे होते आणि शंभराच्या आतील कोड्यांविषयी बाहेर बोलण्यास सेवेची हरकत नसल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, अंतिम उत्तर तेवढे सोडून. एका पूर्ण संख्येच्या वर्गातून दुसऱ्या पूर्ण संख्येच्या वर्गाची काही पट वजा केली असता नेमका १ उरला पाहिजे, अशी ही अट आहे. पट १३ असेल तर ६४९ चा वर्ग वजा १८० च्या वर्गाची १३ पट बरोबर १. पट १००० पर्यंत वाढवत न्यायची आणि कोणत्या पटीसाठी पहिली संख्या कमीत कमी असूनही सर्वांत मोठी निघते ते शोधायचे.

हिशेबवाल्या मित्राने पहिली संख्या एकेकाने वाढवत नेणारा प्रोग्राम लिहिला. ६० पर्यंतच्या सगळ्या पटी पडद्यावरून झरझर गेल्या, त्यांतील सर्वांत मोठे उत्तर ५३ चे, म्हणजे ६६२४९. मग ६१ आली आणि पडदा गोठला. ‘अरे, बंद पडलं का?’ असे त्याने दोनदा विचारले. बंद काही पडले नव्हते, ६१ साठी लागणारी लहानात लहान संख्याच १७६६३१९०४९ आहे. तो प्रोग्राम चिकाटीने तेथून पुढे गेला असता तरी १०९ ला पंधरा अंकी संख्येची भिंत उभी होती, सेकंदाला दहा कोटी संख्या तपासल्या तरी अठरा दिवसांची.

शिक्षिका मैत्रीण तोवर गप्प होती. मग तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. ८ चा वर्ग ६४, त्यातून ६१ गेले की ३ उरतात, ही सुरुवात. तेथून एका ठरावीक कृतीने पुढे गेले की ३९ आणि ५ ही जोडी मिळते, ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. आणि उणे ४ हाताशी आला की ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने एका उडीत ती दहा अंकी संख्या मिळते. ही भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धती, ११५० च्या ‘बीजगणित’ ग्रंथातील, आणि ६१ हे उदाहरणही तेथलेच. पुढे १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून ही संख्या दिली, त्याच्या पाचशे वर्षे आधी ती सुटलेली होती. गंमत अशी की या समीकरणाला पेल या इंग्लिश गणितज्ञाचे नाव चिकटले ते अठराव्या शतकातील थोर गणितज्ञ ऑयलरच्या गैरसमजामुळे, आणि त्याच ऑयलरच्या नावाच्या सेवेवर आम्ही ते सोडवत होतो.

त्या रात्री मित्राने तिची कृती प्रोग्राममध्ये उतरवली. १००० पर्यंतच्या सर्व पटी क्षणार्धात संपल्या आणि विजेत्या पटीची संख्या ३८ अंकी निघाली.

कोडे सुटल्यावर त्या कोड्यापुरते चर्चेचे दालन उघडते, तोपर्यंत ते बंद असते. माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम आहे. स्वतः धडपडून आत गेलेल्या माणसालाच इतरांच्या युक्त्या समजतात, त्यांतील चतुराई दिसते आणि आपला तीस ओळींचा प्रोग्राम कोणी एका ओळीत कसा बसवला हे पाहून मत्सर न वाटता आनंद होतो. कोणी असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या जवळच्या भाषेत, लिहिलेले असते, कोणी निव्वळ पेन्सिलीने. आम्ही हाच नियम आमच्या चौघांत लागू केला आहे: सर्वांना हिरवी खूण मिळेपर्यंत कोणी पद्धत सांगायची नाही, सूचना मागितली तरच द्यायची आणि तीही प्रश्नाच्या रूपात. सहासष्टाव्याला तो मोडला याची मैत्रीण अजून आठवण करून देते. सांकेतिक किल्ली देऊन मित्रांची प्रगती पाहण्याची सोय आहे, दर पंचवीस कोड्यांमागे एक पातळी वाढते. मला स्वतःला या पातळ्यांचे फारसे अप्रूप नाही, पण काकांना आहे.

उणिवा आहेत. कोडी इंग्रजीत आहेत आणि काहींची मांडणी इतकी आटोपशीर आहे की अट नेमकी काय म्हणते यावरच आमचा अर्धा तास जातो. शंभराच्या पुढे संख्यासिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचे गणित) आणि गणनशास्त्र (एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते हे मोजण्याचे गणित) यांचा चढ एकदम उभा होतो, विद्यापीठातील गणित न शिकलेल्याने तेथे पुस्तके हाताशी ठेवूनच जावे. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायची असेल तर ही जागा नव्हे, तेथे लीटकोडसारखी सेवा अधिक उपयोगी, कारण ती प्रोग्रामच तपासते. घड्याळाशी शर्यत आवडणाऱ्यांनी कोडफोर्सेसवर जावे. डिसेंबरात येणारा ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ आम्ही सोडवतो आणि त्यात मजाही येते, परंतु तेथे कस लागतो तो प्रोग्रामिंगचा, एखाद्या संख्येकडे दोन आठवडे टक लावून बसण्याची सवय लावते ते प्रोजेक्ट ऑयलरच. एकट्याने सोडवणाऱ्यालाही ही सेवा पुरेशी आहे, पण ज्यांना दोनतीन समानशील माणसे गोळा करता येतील त्यांनी ती अवश्य करावीत आणि पहिल्या कोड्यापासून सुरुवात करावी, आपल्याला ते फार सोपे आहे असे वाटत असले तरी.

सध्या आम्ही शंभराच्या बरेच पुढच्या एका कोड्यावर आहोत. तिघांना हिरवी खूण मिळाली आहे, काकांचे उत्तर अद्याप यायचे आहे आणि ते हे परीक्षण वाचणार आहेत, त्यामुळे त्या कोड्याचा क्रमांकसुद्धा येथे देता येत नाही.