उलुरूचा भाडेकरार की स्वतःचं संरक्षित क्षेत्र?

ऑस्ट्रेलियात शिकणारी माझी भाची प्रबंधासाठी आदिवासींच्या जमीन-राखणीच्या दोन पद्धतींमध्ये अडकली आहे: सरकारसोबत मिळून जमीन सांभाळायची (संयुक्त व्यवस्थापन, जसं उलुरूला) की समाजाने स्वतः राखायची ('आदिवासी संरक्षित क्षेत्र'). तिला पाठवलेलं उत्तर इथेही देतो.

मालकी: १९८५ साली मध्य ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक आणि भोवतालची जमीन तिथल्या अनंगू आदिवासींना परत मिळाली, पण ती ९९ वर्षांच्या भाडेकराराने लगेच सरकारी उद्यान खात्याकडे गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं नांतावॅरिना हे १९९८ मधलं पहिलं 'आदिवासी संरक्षित क्षेत्र'. तिथे अद्न्यामाथना या आदिवासी लोकांनी स्वखुशीने आपली जमीन संवर्धनासाठी राखली, ती कुणाला भाड्याने द्यावी लागली नाही.

निर्णय: उलुरू उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळावर अनंगूंचं बहुमत आहे. तरी या पवित्र खडकावरची चढाई बंद व्हायला २०१९ उजाडलं. जमीन परत मिळून ३४ वर्षं झाली होती! मला हे फार लागतं. संरक्षित क्षेत्रात आराखडाच समाजाचा असतो. गवत-झुडपं आटोक्यात ठेवायला कुठे आग लावायची, कुठलं पाणवठ्याचं ठिकाण परक्यांना बंद, हे जाणती माणसं ठरवतात.

पैसा: इथे उलुरू वरचढ. वार्षिक भाडं मिळतं, शिवाय प्रवेश शुल्कातला वाटा. संरक्षित क्षेत्रं बरीचशी मुदतीच्या सरकारी अनुदानावर चालतात. मुदत संपत आली की रेंजरांच्या नोकऱ्यांची चिंता सुरू.

पर्यटक येतच राहणार आणि कायद्याचं भक्कम कवच हवं, अशा जागेला संयुक्त व्यवस्थापन बरं. जमीन आधीच हातात आहे, गर्दी नाही, आणि मुलांना आपल्या रीतीने जमीन सांभाळायला शिकवायचं आहे, तिथे संरक्षित क्षेत्रच घ्यावं.