‘हार्ड डिस्क गेली’ म्हणाले तर सही करू नका: ड्युअल बूट फसलेल्या लॅपटॉपचं १४,३०० रुपयांचं बिल

नवीन एसएसडी ४,८००. डेटा रिकव्हरी ६,५००. विंडोज ११ प्रो ओरिजिनल १,८००. बायोस रिपेअर १,२००. एकूण १४,३०० रुपये, रोख, साध्या चिठ्ठीवर, जीएसटी क्रमांक नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलाच्या घरच्यांनी हे पैसे भरले. त्या लॅपटॉपमधला एकही भाग बिघडलेला नव्हता.

मुलाने विंडोज ११ च्या शेजारी उबुंटू (लिनक्सची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं होतं. एकाच मशिनवर अशा दोन सिस्टिम ठेवणं म्हणजे ड्युअल बूट. उबुंटू नीट चाललं नाही, डेस्कटॉपच्या जागी काळा पडदा यायचा. म्हणून त्याने विंडोजमध्ये जाऊन डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, उडवलं. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब>’ एवढंच दिसायला लागलं. दुकानात त्याच्या वडिलांसमोर विंडोजचा इन्स्टॉलर लावला गेला आणि त्यात डिस्कची यादी रिकामी दिसली. ‘बघा काका, डिस्कच दिसत नाही. गेली.’ वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं, मग अविश्वास कशाला दाखवतील?

हा रिकामा पडदा या फसवणुकीतलं सगळ्यात प्रभावी हत्यार आहे, म्हणून तो आधी समजून घ्या. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) ‘व्हीएमडी’ नावाची सोय चालू असते. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी (आजच्या लॅपटॉपमधली वेगवान, न फिरणारी डिस्क) त्या कंट्रोलरच्या मागे जाते. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तर त्याला डिस्क दिसतच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, पेनड्राइव्हवर उलगडून, त्याच पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबलं की डिस्क समोर येते. रोज चार लॅपटॉप उघडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणं जवळजवळ अशक्य आहे.

खात्री करण्याचं साधन तुमच्याच हातात असतं. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला गेलात, तोच पुन्हा लावा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. लिनक्सच्या अलीकडच्या कर्नेलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) व्हीएमडीचा ड्रायव्हर असतो, त्यामुळे बहुतेक मशिनवर तीच ‘मेलेली’ डिस्क इथे पूर्ण आकारासकट दिसते. ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा. एक शंभर ते तीनशे एमबीचं छोटं फॅट३२ पार्टिशन, एक मोठं एनटीएफएस (विंडोजचं), शेवटी एखादं रिकव्हरीचं आणि उबुंटूच्या जागी रिकामी जागा, असं चित्र दिसलं तर तुमचा डेटा जागच्या जागी आहे. मोठं पार्टिशन उघडून फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ‘विंडोज हायबरनेट झालं आहे’ अशा अर्थाची तक्रार आली तर घाबरू नका, ती विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे येते, त्यात बंद करतानाही विंडोज पूर्ण बंद होत नाही. पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडलं तरी कॉपी करायला पुरतं.

मग ‘ग्रब>’ का आलं? ते छोटं फॅट३२ पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा वेगळा फोल्डर असतो: एक मायक्रोसॉफ्टचा, एक उबुंटूचा. आधी कोणाला हाक मारायची हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत नोंदलेला असतो आणि उबुंटू टाकताना त्याचं नाव पहिलं येतं. उबुंटूचा ग्रब (त्याचा बूट लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) सुरू होतो, पण त्याचा मेनू आणि बाकी सामान उडवलेल्या पार्टिशनवर होतं. ते सापडत नाही म्हणून तो तिथेच थांबतो. शेजारच्या फोल्डरमधला विंडोजचा बूट लोडर या सगळ्यात शाबूत असतो, त्याला कोणी हाक मारत नाही एवढंच.

उपाय म्हणजे हाक मारणं. लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप. यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. विंडोज उघडलं की काम झालं. नंतर बायोसमध्ये जाऊन तेच नाव पहिल्या क्रमांकावर ठेवा. त्या मुलाच्या लॅपटॉपला एवढंच हवं होतं. ‘बायोस रिपेअर’चे १,२०० रुपये बहुधा याच क्रमबदलाचे असावेत.

यादीत विंडोज बूट मॅनेजर नसेल किंवा इन्स्टॉलरने ईएफआय पार्टिशन फॉरमॅट केलं असेल, तर थोडं जास्त काम आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, तो फुकट मिळतो. त्यावरून बूट करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांडची खिडकी उघडेल. व्हीएमडीचं मशिन असेल तर आधी ड्रायव्हर लोड करा, नाहीतर इथेही डिस्क दिसणार नाही. ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ लिहून छोटं फॅट३२ व्हॉल्यूम ओळखा, ते ‘सिलेक्ट’ करा, ‘असाइन’ने त्याला एस हे अक्षर द्या आणि बाहेर या. विंडोजचा फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे तेही बघून ठेवा, इन्स्टॉलरमध्ये तो दर वेळी सी वर असतोच असं नाही. शेवटची आज्ञा ‘बीसीडीबूट’: तिला विंडोजचा फोल्डर, ‘/एस एस:’ आणि ‘/एफ यूईएफआय’ द्या. बूटच्या फायली नव्याने लिहिल्या जातात, तुमच्या फायलींना हात लागत नाही. बरेच जण इथे ‘बूटरेक /फिक्सबूट’ चालवतात आणि ‘ॲक्सेस इज डिनाइड’ वाचून हवालदिल होतात. यूईएफआय (बायोसचं आजचं रूप) असलेल्या मशिनवर ते पुष्कळदा येतं. त्याचा डिस्क खराब होण्याशी संबंध नाही.

फसवणूक करणाऱ्याला आवडणारे आणखी दोन पडदे आहेत. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर आठवून बघा, लिनक्सला डिस्क दिसावी म्हणून बायोसमध्ये आरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज) किंवा व्हीएमडी बंद केलं होतं का. केलं असेल तर पूर्ववत करा, विंडोज उठतं. दुसरा, जुनं शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असलेल्या लिनक्सवर ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांना दिसलेला ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’. त्यात एसबॅट असा शब्द दिसतो आणि लगेच मशिन बंद पडतं. तो सिक्युअर बूटचा (खात्रीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा) नियम आहे, मदरबोर्डचा दोष नव्हे. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अद्ययावत करायचं असतं. पण ते बंद करण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन पुष्कळ मशिनवर आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. दुकानात याला ‘व्हायरसने लॉक केलं’ म्हणतात आणि फॉरमॅट सुचवतात. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या नावाखाली असते. मोबाइलवर लॉगिन करून बघा, कॉलेजच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर ती तिथे असेल. पडद्यावरचा की आयडी जुळवून अंक भरा. आणि एक गोष्ट पक्की धरा: की खरोखर हरवली असेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणतंही दुकान काढू शकत नाही. काढून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा खोटं बोलतो आहे.

आता बिलातल्या साडेसहा हजारांबद्दल. त्या मुलाला डेटा संध्याकाळपर्यंत मिळाला, सगळा मिळाला, फोल्डरांची नावं आणि तारखा जशाच्या तशा. डिस्क खरंच मेली असती तर हे घडलं नसतं. बोर्ड जळालेल्या एसएसडीतून डेटा काढणं हे प्रयोगशाळेचं काम आहे आणि कित्येकदा तिथेही जमत नाही. कॉपी आणि पेस्टला रिकव्हरी म्हणून विकलं गेलं.

खरं नुकसान मात्र होतं, तेही सांगायला हवं. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ निवडलं गेलं असेल तर गोष्ट गंभीर आहे. फिरती हार्ड डिस्क असेल तर मशिन ताबडतोब बंद करा, तिच्यावर काहीही लिहू नका. दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत काढून त्या प्रतीवर टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे रिकव्हरीचे प्रोग्राम चालवले तर पुष्कळ हाती लागतं. एसएसडीवर आशा फार कमी. लिनक्सचा फॉरमॅट करतानाच डिस्कला ‘हे ब्लॉक रिकामे’ असं कळवलं जातं, आणि ट्रिम झालेले (असे रिकामे ठरवलेले) ब्लॉक पुन्हा वाचले तर सहसा शून्यं मिळतात. अशा एसएसडीवरून शंभर टक्के डेटाची हमी देणाऱ्याला मशिन देऊ नका. प्रामाणिक रिकव्हरीवाला आधी तपासतो, सापडलेल्या फायलींची यादी दाखवतो आणि मग पैशांचं बोलतो. असे लोकही आहेत, त्यांच्याकडेच जा.

बसवलेली ‘नवीन’ एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहिली तेव्हा ‘पॉवर ऑन अवर्स’च्या पुढे हजारांत तास दिसले. मुलाची मूळ एसएसडी परत दिलीच नव्हती, आणि तिच्यावर त्याचं सगळं घर होतं: आधारच्या प्रती, बँकेची विवरणपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड. पैशांपेक्षा मोठा धोका इथे आहे. म्हणून लॅपटॉप दुकानात देण्याआधी लाइव्ह लिनक्समध्ये (पेनड्राइव्हवरच्या ‘ट्राय उबुंटू’मध्ये) डिस्कचं मॉडेल, आकार आणि सिरियल नंबर दिसतो त्या पडद्याचा फोटो काढा. रॅमचाही काढा. जमत असेल तर मागचं झाकण उघडून एम.२ एसएसडीचा एकच स्क्रू काढून ती घरीच ठेवा. जॉब शीटवर हे नंबर लिहून घ्या आणि ‘बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य दुकानदाराच्या सहीने घ्या. सही द्यायला तयार नसेल तर मशिन उचला आणि निघा.

डिस्क ‘खराब’ सांगितली तर आकडे मागा. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर वाढलेले आहेत का, एनव्हीएमईवर ‘मीडिया एरर’ किंवा ‘पर्सेंटेज यूज्ड’ किती आहे, हे मिनिटाभरात दिसतं. आकड्यांशिवाय निदान मानू नका.

विंडोज ‘ओरिजिनल’बद्दलही हेच. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची की फर्मवेअरमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेटला जोडताच आपोआप ॲक्टिव्हेट होते, वेगळे पैसे लागत नाहीत. भारतात घरगुती लॅपटॉपवर बहुधा होम सिंगल लँग्वेज असतं. दुकानातून तो ‘प्रो’ होऊन आला तर कमांडच्या खिडकीत ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ चालवा. वर्णनात ‘ओईएम_डीएम’ असेल तर ती लॅपटॉपसोबत आलेली की. ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ (केएमएस म्हणजे मोठ्या संस्थांसाठीची ॲक्टिव्हेशनची पद्धत) आणि १८० दिवसांची मुदत घरच्या लॅपटॉपवर दिसली तर चोरीचं ॲक्टिव्हेशन गळ्यात मारलेलं आहे. त्या मुलाच्या लॅपटॉपवर हेच निघालं.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. चिठ्ठी, यूपीआयची नोंद, आधीचे आणि नंतरचे सिरियल नंबर एवढा पुरावा जपा. पैसे रोख देऊ नका, हे त्यासाठीच. आणि ‘कस्टमर केअर’ म्हणून शोधलेल्या नंबरवरच्या माणसाने एनीडेस्क (दुरून मशिन ताब्यात घेणारं ॲप) लावून पैसे काढले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे उशीर परवडत नाही.

केएमएसचं ॲक्टिव्हेशन सापडलं तर ते नुसतं काढून भागत नाही. असे ॲक्टिव्हेटर चालवताना विंडोजचा ॲंटिव्हायरस डिफेंडर बंद केलेला किंवा त्याच्या ‘एक्स्क्लूजन्स’ यादीत एखादा फोल्डर घातलेला असतो. ती यादी बघा, फायली बाहेर काढा, मायक्रोसॉफ्टच्याच इन्स्टॉलरने मूळ होम आवृत्ती स्वच्छ टाका. बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून, आणि मूळ एसएसडी दुकानात राहिली असेल तर आजच.