भूतानमध्ये गाइडवर खर्च केलेले पैसे: आमचा सात दिवसांचा अनुभव

“नुसता सोबत फिरणार, आणि त्याचे चौदा हजार?” आमचे हे कागदावर आकडे मांडत बसले होते तेव्हाची गोष्ट. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. गाडी वेगळी, चालक वेगळा, हॉटेलं वेगळी. शिवाय भारतीयांना माणशी रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. आम्ही तिघं, सहा रात्री, म्हणजे २१,६०० रुपये तिथेच गेले. त्यावर गाइडचे दिवसाला दोन हजार. पण थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाइड लागतोच आणि आम्हाला पुनाखा पाहायचंच होतं. म्हणून घेतला. आता परत येऊन महिने झाले. त्या सगळ्या हिशेबातला कुठला पैसा सर्वांत चांगला खर्च झाला, असं कुणी विचारलं तर मी या चौदा हजारांकडे बोट दाखवीन. त्याचं नाव आणि नंबर जाहीर लिहू नका असं त्याने सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. सेवेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण जाण्याआधी मला असं कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

आम्ही सातारचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, ह्यांचा उजवा गुडघा दुखरा आणि सोबत वन्सं, वय ६६. दिवाळी आटोपली की निघायचं असं ठरलं होतं.

या माणसाचं काम आम्ही घरातून निघण्याच्या दोन महिने आधी सुरू झालं. पहिला फोन झाला त्याच संध्याकाळी त्याने तिघांच्या ओळखपत्रांचे फोटो मागितले. भूतानला भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोहोंपैकी एक लागतं. आधार कार्डावर प्रवेश मिळत नाही. वन्संचं मतदार कार्ड घर बदलताना कुठेतरी गहाळ झालेलं. आमच्या गावातल्या ज्या एजंटकडे आम्ही आधी चौकशी केली होती, त्याने “आधार चालतं हो, बिनधास्त जा” असं तोंडावर सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर गेलो असतो तर वन्संना सीमेअलीकडच्या जयगावच्या लॉजवर बसवून आम्हाला पुढे जावं लागलं असतं, नाहीतर तिघांनाही माघारी. गाइडने विचारलं म्हणून वेळेवर कळलं आणि तत्काळमध्ये त्यांचा पासपोर्ट काढता आला. मुलं बरोबर असतील तर त्यांचा जन्मदाखला लागतो, हेही त्याने न विचारता सांगितलं. आमच्याबरोबर मुलं नव्हती. तो म्हणाला, लक्षात ठेवा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

मग त्याने हिंदीत एक लांबलचक निरोप पाठवला. त्यात सामानाइतकंच शरीराबद्दल होतं. रोज जिने चढा, आठवड्यातून एकदा डोंगर चढा आणि उतरताना गुडघा कुठे दुखतो ते मला कळवा. आम्ही चार रविवार अजिंक्यताऱ्यावर गेलो. चढताना हे ठीक असायचे, उतरताना दर वेळी त्याच वळणावर थांबायचे. मी ते त्याला कळवलं. या एका माहितीवर त्याने पुढे ताकत्सांगचा, म्हणजे कड्यावरच्या मंदिराच्या चढाईचा, सगळा दिवस आखला, ते खाली सांगते.

उंचीचा अंदाज आपल्याला महाराष्ट्रात बसून येत नाही. कळसूबाई आपलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. थिंफूतली भाजी मंडईसुद्धा त्याच्या कितीतरी वर, जवळजवळ २३०० मीटरवर आहे. भूतानच्या हद्दीत शिरतो ती फुंटशोलिंगची कमान मात्र अगदी सखल भागात, त्यामुळे एका दिवसात माणूस दोन हजार मीटर वर जातो. रस्ता चांगला, पण वळणं संपत नाहीत. वन्संनी आवळा सुपारी तोंडात धरून चार-पाच तास काढले. पहिल्या दिवशी थिंफूत पोचल्यावर गाइडने काहीही दाखवलं नाही. गरम सूप प्या, झोपा, उद्या बघू. ह्यांना वाटलं दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतलं कुटुंब डोकेदुखीने नाश्त्यालाही उतरलं नाही आणि आम्ही तिघं ठणठणीत होतो, तेव्हा ह्यांचं ते मत बदललं.

वेळेबद्दल एक सांगून ठेवते. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. ह्यांनी मनगटावरच्या आठला खाली उतरायचं ठरवलं आणि गाइड बिचारा अर्धा तास थंडीत गाडीपाशी उभा. एक शब्द बोलला नाही. आम्हालाच वाईट वाटलं.

पैशांचं सोपं आहे. त्यांचा न्गुलट्रम आपल्या रुपयाला बांधलेला, एकास एक, आणि आपल्या नोटा घेतात. तिथल्या नोटा मात्र येताना संपवून यायच्या, सीमेपासून लांब त्या कुणी घेत नाही.

आता खरी गोष्ट. थिंफूच्या ताशिछो झोंगच्या दाराशी मी जे पाहिलं, त्यासाठी मी ही समीक्षा लिहायला घेतली. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी, तिन्ही एकाच भिंतीच्या आत. अर्ध्या भागात भिक्खू, अर्ध्या भागात फायली. आमचा गाइड रोजच घो घालायचा, गुडघ्यापर्यंतचा तो अंगरखा, कमरेला घट्ट पट्टा. छातीपाशी जो फुगवटा राहतो तोच त्यांचा खिसा. पूर्वी त्यात लाकडी वाटी असायची, आता मोबाइल असतो. दारापाशी आल्यावर त्याने मोबाइल बंद केला, टोपी काढली आणि पिशवीतून एक पांढरं लांब वस्त्र काढलं. त्याला कबने म्हणतात. सामान्य माणसाचं कबने पांढरं, राजाचं पिवळं, मंत्र्यांचं केशरी. त्याने ते डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे घेतलं, एक घडी घातली, ती आवडली नाही म्हणून सोडली, पुन्हा घातली, झालर सारखी केली. तिथे त्याला तपासायला कुणी उभं नव्हतं. आमच्या आजोबांना मी मारुतीच्या देवळात जाताना उपरणं असंच नीट करताना पाहिलंय. मी आपोआप पदर सारखा केला. वन्संनीही केला. त्यानंतर उरलेल्या दिवसांत कुठल्याही मंदिरात आम्हाला कसं वागायचं हे सांगावं लागलं नाही. लांब बाह्या, पूर्ण पाय झाकलेले, डोक्यावर टोपी नाही, छत्री मिटलेली, आत फोटो नाही आणि स्तूपाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा. प्रदक्षिणेची दिशा आपलीच असल्यामुळे वन्संना ते फार जवळचं वाटलं.

पुढे पुनाखाचा झोंग पाहिला. झाबद्रुंग नगवांग नामग्याल यांनी तो १६३७ साली बांधायला घेतला. १६१६ मध्ये तिबेटातून येऊन भूतानला एका राज्यात बांधणारे तेच. फो छू आणि मो छू, नर नदी आणि मादी नदी, यांच्या संगमावर तो बसलाय. आम्हाला लगेच संगम माहुली आठवलं. गाइडला कृष्णा-वेण्णा सांगितली तर तो खरंच थांबला आणि विचारू लागला, तिथेही हिवाळ्यात भिक्खू राहायला येतात का? कारण थिंफूचा धर्मसंघ थंडीत पुनाखाला उतरतो, तिथे उंची कमी आणि हवा उबदार. मी माहुलीच्या घाटाबद्दल सांगत गेले, तो ऐकत गेला. माहिती पाठ म्हणणारा गाइड आणि प्रश्न विचारणारा गाइड यांत फार अंतर असतं.

वाटेत दोचुला खिंड लागते, ३१०० मीटरच्या आसपास. तिथे १०८ स्तूप आहेत. २००३ मध्ये भूतानच्या दक्षिण जंगलात तळ ठोकून बसलेल्या आसामी बंडखोरांविरुद्ध सैन्याची मोहीम झाली, त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारले. त्या दिवशी धुकं होतं, हिमालयाची रांग दिसली नाही. त्याने दिलासा म्हणून काही गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाला, परतताना पहाटे निघू, बघू. परतताना दिसली.

पुनाखाजवळच्या चिमी ल्हाखांग या मंदिराच्या गावात घरांच्या भिंतींवर पुरुषाचं लिंग रंगवलेलं असतं. मला बरोबर नणंद असताना हे कसं निभवायचं याची काळजी होती. त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं की ड्रुक्पा कुनले नावाचे साधू होऊन गेले, त्यांच्यामुळे हे आलं आणि घराला दृष्ट लागू नये, वाईट शक्ती दूर राहावी म्हणून ते रंगवतात. मूल व्हावं म्हणून बायका त्या मंदिरात नवस करतात. वन्सं म्हणाल्या, “म्हणजे आपली लिंबू-मिरची.” विषय तिथेच संपला.

मिरचीवरून जेवण. एमा दात्शी म्हणजे मिरच्यांची चीजमध्ये शिजवलेली भाजी. मिरची तिथे मसाला नाही, भाजी आहे, वाटीभर. ठेच्यावर वाढलेल्या आम्हा सातारकरांना ती झेपली, पण मुलं असतील तर बटाट्याची केवा दात्शी मागा. सोबत लाल भात. शाकाहार मिळतो, मात्र सांगावं लागतं, आणि आमचा गाइड प्रत्येक ठिकाणी आत जाऊन भांडं वेगळं आहे का ते बघून यायचा. लोण्याची मीठ घातलेली चहा, सुजा, मला आवडली नाही. आम्ही नेलेल्या चकल्या गाइड आणि चालक दोघांनी तीन दिवसांत संपवल्या.

एक गोष्ट खटकली ती लिहिते. तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला हस्तकलेच्या एका दुकानात नेलं. तिथे विणलेल्या कापडाच्या किमती बाजारापेक्षा बऱ्याच जास्त होत्या आणि बाहेर पडताना दुकानदाराची आणि त्याची जी नजरानजर झाली ती मला कळली. गाडीत बसल्यावर मी त्याला शांतपणे सांगितलं, की दादा, हे नको. त्याने मान खाली घातली आणि पुढे एकाही दुकानाचं नाव काढलं नाही. दुसरं, सुरुवातीचे दोन दिवस तो राजांची नावं आणि सनावळ्या इतक्या भराभर सांगायचा की डोक्यात काही राहायचं नाही. हळू सांगा म्हटल्यावर सांगू लागला. म्हणजे बोलावं लागतं. न बोलता कुढत बसू नका.

ताकत्सांग, ज्याला सगळे टायगर्स नेस्ट म्हणतात, ते त्याने शेवटच्या पूर्ण दिवशी ठेवलं. तोवर शरीर उंचीला सरावतं. मंदिर ३१२० मीटरवर, कड्याला चिकटलेलं. गुरू रिंपोछे, म्हणजे पद्मसंभव, वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा. मंदिर १६९२ चं, १९९८ मध्ये आगीत जळालं, पुन्हा उभारून २००५ मध्ये पूर्ण झालं. आम्ही पहाटे निघालो, पायथ्याशी काठ्या भाड्याने घेतल्या. तिकीट खालीच काढायचं.

ह्यांनी घोडा करायचं ठरवलं होतं. गाइडने विचारलं, तुमचा गुडघा उतरताना दुखतो ना? घोडा फक्त वर नेतो, तोही अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत. खाली आणत नाही. शिवाय कॅफेटेरियाच्या पुढे शेकडो पायऱ्या आधी खाली उतरतात, मग पूल, धबधबा, मग पुन्हा वर. येताना तेच उलट. त्याने तोडगा आधीच काढून ठेवला होता. ह्यांनी चालत सावकाश कॅफेटेरियापर्यंत यायचं, तिथून मंदिर समोर दिसतं, तिथे बसायचं. चालक सोबत थांबेल. वन्सं आणि मी त्याच्याबरोबर पुढे. हे ऐकून हे आधी नाराज झाले, पण अजिंक्यताऱ्यावरचं वळण त्यांना आठवत होतं. तीन तास ते तिथे उन्हात चहा घेत मंदिराकडे बघत बसले.

मी आणि वन्सं वर पोचलो. मोबाइल, पिशव्या सगळं दाराशी ठेवून आत जायचं असतं, म्हणून आतला एकही फोटो नाही. वन्सं गुहेच्या दाराशी दिव्यासमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. गाइड लांब उभा राहिला, घाई केली नाही, मागून गर्दी आली तेव्हा तिला बाजूने वाट करून दिली.

संध्याकाळी पारोजवळच्या शेतघरात मुक्काम. तिथे त्याने ह्यांच्यासाठी तापलेल्या दगडांची अंघोळ सांगून ठेवली होती. बाहेर जाळात नदीचे दगड लाल होईपर्यंत तापवतात, चिमट्याने उचलून लाकडी हौदाच्या बाहेरच्या कप्प्यात सोडतात. चर्र आवाज, वाफ, आणि पाण्यात टाकलेल्या रानपाल्याचा कडसर वास. पाणी कमी गरम वाटलं की आतून भिंतीवर थाप मारायची, बाहेरचा माणूस आणखी एक दगड सोडतो. माणशी दीड हजार लागले. हे अर्ध्या तासाने बाहेर आले आणि कुणाचा हात न धरता पायऱ्या चढून खोलीत गेले.

कपड्यांचं: नोव्हेंबरात दुपारी उन्हात स्वेटर काढावा लागतो, पाच वाजले की हाडं गोठतात. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर न्या. कानटोपी हवीच, मंदिरात मात्र काढायची. पायांत वापरून मऊ झालेले बूट, नवे नकोत. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि रक्तदाब, दमा काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी उंचीबद्दल बोला. आमच्या गाइडने हेही आधीच विचारलं होतं.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर चांगले गाइड लवकर अडकतात, त्यामुळे दोन महिने आधी बोला. थेट गाइडशीच फोनवर बोलायला मागा, कंपनीच्या माणसाशी बोलून भागवू नका. ओळखपत्रं, गुडघे आणि औषधं यांबद्दल त्याने आपणहून विचारलं नाही तर दुसरा बघा. आणि फोन लावण्याआधी घरातल्या सगळ्यांची मतदार कार्डं काढून समोर ठेवा.