फ्लशची टाकी: भिंतीच्या आत की भिंतीवर?

बाथरूम फोडायचं ठरलं की टाइल्स, नळ, गीझर यांवर घरात महिनाभर खल होतो आणि फ्लशच्या टाकीचा निर्णय दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत लागतो. फ्लॅट घेतला तेव्हा आमचंही असंच झालं होतं. गेल्या वर्षी बाहेरचं बाथरूम नव्याने केलं, तेव्हा मात्र मी हट्टाने वेगळी टाकी लावली. त्यामुळे आमच्या वाघोलीच्या घरात आता दोन्ही जाती नांदताहेत. बेडरूमच्या बाथरूममध्ये भिंतीत चिणलेली कन्सील्ड टाकी, सात वर्षांची. बाहेरच्यात भिंतीवर टांगलेली साधी प्लास्टिकची. पाणी दोघींनाही तेच, बोअर आणि टँकरचं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कन्सील्ड टाकी घेणारे बहुतेक जण खरं तर कमोडवर भाळलेले असतात. कमोड भिंतीला अधांतरी, खालून पोछा सरळ फिरतो, आणि जमिनीवरच्या कमोडच्या बुडाशी व्हाइट सिमेंटची जी रेघ वर्षभरात पिवळी पडते ती नाहीच. हे सगळं सुख खरं आहे. पण ते कमोडचं सुख आहे, टाकीचं नव्हे. भिंतीवरचा कमोड घेऊन वर बाहेरची टाकी लावता येते. माझ्या दोन्ही बाथरूममध्ये कमोड भिंतीवरचाच आहे. भिंत नऊ इंची विटांची असेल तर काम सोपं, चार इंची ब्लॉकची असेल तर लोखंडी आधार लागतो, एवढं गवंड्याला आधी विचारून घ्या. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण कन्सील्ड सेटची किंमत कितीतरी जास्त असते. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

दिसायला कन्सील्ड सरस, वाद नाही. आवाजही कमी. रात्री कोणी उठलं तरी शेजारच्या खोलीत कळत नाही. बाहेरच्या टाकीच्या मागे धूळ, जाळी आणि अधूनमधून एखादी पाल असते, हेही कबूल. फ्लशच्या जोरात मला फरक जाणवला नाही. दोन बटणांची सोय दोन्हींत मिळते. ती १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या करोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्प्सन यांनी काढली. तेव्हाच्या टाकीत मोठ्या बटणाला ११ लिटर आणि छोट्याला साडेपाच लिटर जायचं. आता सहा आणि तीन. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा मात्र दोन्ही बटणं एकदम दाबतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लावला तिच्याकडे येतो. तिसऱ्या वर्षी एकदा मध्यरात्री भिंतीतून ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. दहा-बारा सेकंद, मग शांत. वाटलं, वरच्यांकडे कोणीतरी उठलं असेल. पुन्हा आला. घड्याळ बघत पडून राहिलो, तर दोन ते तीनच्या दरम्यान तीनदा. कोणी फ्लश केलेला नाही आणि टाकी आपली आपण भरते आहे! म्हणजे तळाच्या वॉशरमधून पाणी झिरपत होतं, कमोडच्या मागच्या बाजूने कागदासारखं पातळ उतरत होतं, दिवसा डोळ्यांना दिसतही नव्हतं. किती महिने, देव जाणे. टँकरच्या बिलावर सोसायटीत सगळ्यांत जास्त आरडाओरडा करणारा मीच होतो.

प्लंबर आला. भिंतीवरची बटणांची प्लेट काढली. आत हात जेमतेम जाईल एवढी खिडकी. मनगट ओरबाडून घेत, मोबाइलच्या उजेडात त्याने एकेक भाग बाहेर काढला आणि मला म्हणाला, “काका, कोणता कशावर बसतो त्याचे फोटो काढत राहा, नाहीतर बसवताना गंमत होईल.” वॉशरच्या कडेला क्षारांचा पांढरा थर होता. नखाने खरवडला तर रांगोळीसारखी भुकटी पडली. एवढ्याशा भुकटीने वॉशर बसत नव्हता. तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवला, पण रबर कडक झालंच होतं. नवा आणायला गेलो तर कंपनीने ते मॉडेल बदललेलं. ‘चालेल’ म्हणून दिलेला वॉशर चालला नाही. बरोबरचा मिळेपर्यंत तीन आठवडे आम्ही टाकीचा कॉक बंद करून बादलीने पाणी ओतत होतो, समोर गुळगुळीत क्रोमची प्लेट चमकत असताना. तेव्हा बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजोबांच्या चाळीत साखळी ओढायची बिडाची टाकी होती. तिची यंत्रणा सायफनची. पाणी आधी वर चढून मग नळीत पडायचं, त्यामुळे तळाला झिजणारा वॉशरच नाही आणि असं गुपचूप झिरपणंही नाही. बॉलकॉक बिघडला तर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून टपटपायचं आणि चाळभर बोंब व्हायची. ब्रिटनमध्ये तर याच कारणासाठी सायफनचीच सक्ती होती. तळाशी झडप असलेल्या टाक्यांना तिथे २००१ पासून मुभा मिळाली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक टाक्या, आतली असो वा बाहेरची, झडपेच्याच. आज ना उद्या दोन्ही झिरपणार. प्रश्न एवढाच, की झिरपल्यावर तुम्ही काय करता.

बाहेरच्या टाकीत मी दोन-तीन महिन्यांनी झाकण उचलतो, खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकतो आणि वीस मिनिटं कोणाला फ्लश करू देत नाही. कमोडमधल्या पाण्याला रंग आला तर वॉशर गेला. मागे एकदा आला होता. कॉक बंद केला, वॉशर काढून घासला, पुन्हा बसवला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. टँकरच्या गाळाने बॉलकॉकची जाळी तुंबते, तीही मीच जुन्या टूथब्रशने साफ करतो. उद्या आतलं सगळंच गेलं तर अख्खा संच नुक्कडच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, आणि नाहीच मिळाला तर टाकी उतरवून दुसरी लावायची. टाइलला हात लावायचा नाही.

तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. माझी बाहेरची टाकी अजून वयाने लहान आहे, आणि तुमच्याकडे नदीचं मऊ पाणी येत असेल तर कन्सील्ड टाकी वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालेलही. कोथरूडच्या माझ्या मावसभावाकडे चालते आहे. घ्यायचीच असेल तर दोन कामं करा. त्याच मॉडेलचे दोन वॉशर त्याच दिवशी विकत घेऊन कपाटात ठेवा. आणि प्लेटपुढे शेल्फ किंवा आरसा ठोकू नका, प्लेट हीच त्या टाकीची एकमेव वाट आहे. निळ्या क्लोरीनच्या वड्या आत टाकण्याच्या फंदात पडू नका, रबर लवकर जातं. आणि डागांसाठी ॲसिड वापरत असाल तर त्याच वेळी ब्लीच ओतू नका, विषारी वायू होतो. हे दोन्ही टाक्यांना लागू.

बोअरचं पाणी असेल, तर मी आपला भिंतीवरचा कमोड आणि बाहेरची टाकी म्हणेन.

बेडरूमची कन्सील्ड अजून तशीच आहे, तिच्यासाठी भिंत कोण फोडणार? तिथे रंग टाकायचा तर प्लेट काढावी लागते, म्हणून मी झोपण्यापूर्वी कमोडच्या मागच्या कोरड्या भागावर टिश्यूची पट्टी चिकटवतो आणि सकाळी बघतो. परवाच्या रविवारी ओली निघाली. प्लंबरला फोन केला, “काका, प्लेट काढून ठेवा, आलोच,” म्हणाला. आज बुधवार.