गोफण: एक द्राक्षहंगाम वापरून झाल्यावर

भराभर मारायचं असेल तर गोफण डोक्यावर गरगर फिरवायची नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक फेरी आणि सोड. सुरुवातीला माझं गरगरवणं पाहून शेजारचे नाना बांधावरून ओरडले होते, "अरे, पाखरू काय तुझी वाट बघत बसणार का?" जास्त फेऱ्यांनी दगडाचा वेग फारसा वाढत नाही, नेम मात्र चुकतो आणि खांदा संध्याकाळी बोलायला लागतो. रोमन सैन्यातही एकाच फेरीत सोडायला शिकवावं असं लिहून ठेवलेलं आहे.

आमची बाग निफाडच्या बाजूला. मण्यात पाणी उतरलं की साळुंक्या, बुलबुल आणि भोरड्यांचे थवे चालू. सगळ्या बागेवर जाळी टाकणं परवडत नाही, चमकीच्या पट्ट्यांना पाखरं लवकर सरावतात, आणि कार्बाइडची बंदूक वाजली की गोठ्यातली जनावरं दावं तोडायला बघतात. म्हणून यंदा दोन गोफणी घेतल्या: आठवडे बाजारातली नायलॉनची आणि अंबाडीची, हाताने वळलेली.

नायलॉनची स्वस्त, पावसात टिकणारी, दिसायला झकास. पण प्रत्येक फेकीनंतर तिला पीळ बसतो आणि मधली पट्टी मिटते. दगड ठेवायला खाली बघावं लागतं, तेवढ्यात थवा दुसऱ्या ओळीवर. विकणाऱ्याने "तुटायची नाही" म्हटलं होतं, ते खरं निघालं. बाकीचं विचारायचं राहिलं. अंबाडीची पट्टी ताठ, उघडी राहते, न बघता दगड बसतो. शिवाय शेवटच्या मोकळ्या तंतूंचा फटका असा वाजतो की अर्धी पाखरं आवाजानेच उठतात. पहाटेच्या दवात भिजली की जड होते आणि सुट्या टोकाची गाठ झिजते, ती अधूनमधून नव्याने मारावी लागते.

आता वेगाचं. वेळ खातो तो दगड भरण्याचा भाग, फेकण्याचा नाही. एका दोरीच्या टोकाचा फास मधल्या बोटात कायम असतो, तो काढायचाच नाही. सोडल्यावर दुसरी, सुटी दोरी पुढे जाते. मनगट जरासं मागे ओढलं की ती अंगाकडे झुलते. डाव्या हाताने तिची गाठ धरून उजव्या अंगठ्याखाली द्यायची, आणि डावा हात तसाच दोरीवरून घसरत पट्टीपर्यंत न्यायचा. पुढचे दोन-तीन मातीचे गोळे डाव्या हाताच्या शेवटच्या बोटांत आधीच धरलेले असतात. एक पट्टीत, की उजवा हात लगेच निघाला. गाठ मोठी हवी, अंगठ्याला अंधारातही लागेल अशी. बाकीचे गोळे कमरेच्या पिशवीत, डाव्या बाजूला. उजव्या बाजूला ठेवले तर सगळी लय मोडते.

गोफण आखूड घ्या. दुहेरी धरली की गुडघ्याच्या वर राहील एवढी. लांब गोफण लांब जाते, १९८१ साली अमेरिकेत सुमारे १३० सेंटिमीटरच्या गोफणीने दगड ४३७ मीटर गेल्याची नोंद आहे, पण बागेत एवढं लांब मारून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची काच फोडायची का? भूमध्य समुद्रातल्या बेलिअरिक बेटांवरचे गोफणवाले तीन लांबीच्या गोफणी बाळगत, जवळच्या माऱ्याला आखूड. हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

गोफणगुंडे एकसारखे हवेत. नदीतले दगड वजनाला कमीजास्त निघतात, आणि प्रत्येक वेळी हात नवा अंदाज घेत बसतो. आम्ही काळ्या मातीचे लिंबाएवढे गोळे करून सावलीत वाळवतो. ते पडून फुटतात, ठिबकच्या नळ्या आणि मजूर दोन्ही वाचतात. मारायचं तेही मांडवाच्या वरून, थव्याच्या पुढ्यात. पाखरू उठवायचं, पाडायचं नाही. बागेत माणसं असतील तेव्हा गोफण खुंटीला.

एकट्या माणसाला दोनेक एकर सांभाळता येतं, त्यापुढे राखणीच्या माळ्यावर दुसरा माणूस लागतोच. थवा परतायच्या आत तीन-चार फटके सलग बसले तर तो लांब जातो. मध्ये खंड पडला की फक्त ओळ बदलतो. बुलबुलांवर मात्र काही उपयोग नाही. ते पानांच्या आत शिरून घड पोखरतात, बाहेर काय वाजतंय याचं त्यांना देणंघेणं नाही. पुढच्या हंगामात कडेच्या ओळींना तरी जाळी टाकणार आहे.