रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला साइडकार जोडून आठ महिने : सोलापुरातील अनुभव

आईचे दोन्ही गुडघे दुखू लागल्यापासून तिला मागच्या सीटवर बसवणे अशक्य झाले होते, परंतु दर गुरुवारी अक्कलकोटला जाण्याचा तिचा नेम मोडावा असे मला वाटत नव्हते. सुमारे ४० किलोमीटरच्या त्या वाटेसाठी मी साइडकारचा, म्हणजे मोटारसायकलच्या डाव्या बाजूला जोडायच्या एकचाकी बैठकीचा, विचार केला आणि गाडी कोणती घ्यावी या प्रश्नात दोन महिने घालवले.

सुरुवातीला मी केवळ ताकदीचे आकडे पाहत होतो, ती चूक होती. साइडकार जोडलेली गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे एरवी चाकाच्या रेषेत उतरणारा भार येथे आडवा येतो आणि तो चाके, चासी व हँडलच्या बेअरिंगला सोसावा लागतो. म्हणून चासी किती भक्कम आहे आणि इंजिन कमी आरपीएमला, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्या असताना, किती ओढते, हे आधी पाहावे. होंडाच्या हाइनेस सीबी३५० चा ३० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३००० आरपीएमलाच मिळतो, ही तिची मोठी जमेची बाजू; मात्र तिची चाके अलॉयची आहेत आणि मला तारांची हवी होती, कारण रिम वाकली तरी तारा ओढून ती सरळ करता येते. जुन्या बुलेटने वर्षानुवर्षे साइडकार ओढली आहे, पण तिच्या चासीला पुढून एकच नळी खाली येते. २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० ला अशा दोन नळ्या आहेत, त्यामुळे साइडकार जोडणाऱ्या क्लॅम्पला पकड चांगली मिळते. २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमला आणि वजन १९५ किलो, एवढे मला पुरेसे वाटले.

गाडी बरोबर निवडली तरी जोडणी बिघडली की सर्व व्यर्थ. पहिल्या कारागिराने साइडकार जोडून दिली तेव्हा हँडल सतत डावीकडे ओढत होते आणि अक्कलकोटहून परत येईपर्यंत माझे खांदे भरून यायचे. पुढे एमआयडीसीतील एका वयस्कर मिस्त्रींनी दोन्ही बाजूंच्या चाकांना लांब अॅल्युमिनियमच्या सरळ पट्ट्या लावल्या आणि पट्ट्यांमधले अंतर पुढे व मागे टेपने मोजले. दोन्ही मापे सारखीच निघाली. त्यांनी साइडकारचे चाक पुढच्या बाजूने आत घेऊन २० मिलिमीटरचा फरक ठेवला आणि गाडीला उजवीकडे किंचित कलती केली. ही मापे त्यांनी आईला साइडकारमध्ये बसवूनच घेतली, कारण रिकाम्या गाडीचे माप माणूस बसला की बदलते. ती तासभर मांडीवर डबा घेऊन शांतपणे बसून होती. त्या दिवसानंतर हँडल सरळ राहते.

चालवणे मात्र नव्याने शिकावे लागले. ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे आणि ब्रेक दाबला की उजवीकडे जाऊ पाहते. पहिल्याच आठवड्यात सात रस्त्याला रिकाम्या साइडकारसह डावे वळण घेताना तिचे चाक जमिनीवरून उचलले गेले. तेव्हापासून आई सोबत नसली की तिच्या जागी २५ किलोचे वाळूचे पोते ठेवतो. ताशी २५ ते ३० च्या वेगात हँडल थरथरत असे, ते स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारा दांडा, बसवल्यावर थांबले. क्लचवर ताण पडू नये म्हणून पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) एका दाताने लहान केले आहे.

मायलेज ३५ वरून २५ वर आले, आणि गाडी झुकतच नसल्याने मागचा टायर मध्यभागी सपाट झिजला आहे. नवी पेठेच्या गर्दीत हिला घेऊन जाऊ नये. कागदपत्रांबाबत एवढेच सांगतो की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मोटारसायकलच्या व्याख्येत सुट्या होणाऱ्या साइडकारचा उल्लेख आहे, तरीही बदलाची नोंद आरसीवर करून घ्यावी.

एक उणीव राहिली आहे. साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही, म्हणून जोरात ब्रेक लावताना गाडी सरळ राखायला हातांना जोर द्यावा लागतो. त्याच मिस्त्रींकडे पुढच्या महिन्यात ते काम द्यायचे ठरले आहे.